गर्भिणीचे घोरणे: एक उपेक्षित लक्षण

गर्भिणी घोरू लागली की घरची मंडळी हसतात आणि आपण वैद्यही ‘कफ वाढला’ म्हणून पुढे जातो. हे योग्य नव्हे. निद्रेत श्वास वारंवार अडखळणाऱ्या गर्भिणींत रक्तदाबवृद्धी व मधुमेह अधिक आढळतात, असे २०१७ साली अमेरिकेत तीन हजारांहून अधिक प्रथमगर्भिणींच्या अभ्यासात दिसून आले. लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीवर विरळ हवेची त्यात भर पडते. फौजी आंबवड्याच्या सैनिकपत्नींना हे सांगावयास हवे. महाबळेश्वर मात्र जेमतेम चौदाशे मीटर. आंबेनळी घाट चढून माहेरी जाणाऱ्या पोलादपूरच्या सुनेने त्यापायी घाबरू नये.

चरकाचार्यांनी गर्भिणीस उताणे निजणे वर्ज्य सांगितले. त्यांची नाळेच्या वेढ्याची कारणमीमांसा कोणी मानो वा न मानो, शेवटच्या तिमाहीत कुशीवर निजावे असे प्रसूतितज्ज्ञही आज सांगतात.

औषधविक्रेते बंधूंना मात्र कळकळीची विनंती. ‘झोप लागत नाही’ एवढ्यावरून गर्भिणीस सर्पगंधायुक्त वटी देऊ नये. सर्पगंधेतील रिसर्पिनने तिचे नाक चोंदते आणि प्रसूतीसमयी नवजाताचेही; ते बालक तर प्रामुख्याने नाकानेच श्वास घेते. घोरण्यासोबत डोकेदुखी वा चेहऱ्यावर सूज असल्यास प्रथम रक्तदाब मोजावा, आणि वाढलेला आढळल्यास चूर्णाची पुडी न बांधता त्याच दिवशी रुग्णालयात धाडावे.