जंतू सापडला, पण आजार त्याचाच का?

‘डॉक्टर, सायनस मुरलाय, जरा कडक अँटिबायोटिक द्या,’ असं म्हणणाऱ्या रुग्णाच्या फायलीत बहुतेक वेळा आधीच्या दोन-तीन कोर्सच्या चिठ्ठ्या असतात. प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस बरं वाटलं आणि पुन्हा नाक चोंदलं. तरीही औषध कमी पडलं, असंच त्याला वाटतं. मला ही समजूत घातक वाटते, आणि ती रूढ व्हायला आम्ही डॉक्टरही तितकेच जबाबदार आहोत.

साध्या सर्दीनंतरचा सायनस बहुधा विषाणूंचा असतो आणि आपोआप ओसरतो. बारा आठवड्यांपेक्षा जास्त रेंगाळला तर मात्र त्याची जात बदलते. तिथे खरा बिघाड असतो तो नाकाच्या अस्तराला आलेल्या, न शमणाऱ्या सुजेचा. सुजेने सायनसची तोंडं बंद होतात, शेंबूड आत साचतो आणि त्यात जीवाणू वस्तीला येतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियससारखे काही जीवाणू चिकट थर करून अस्तराला धरून बसतात. या थराला बायोफिल्म म्हणतात. रक्तातून आलेलं अँटिबायोटिक त्यातल्या जीवाणूंना पुरतं मारू शकत नाही. वरवरचे मरतात, बरं वाटतं, उरलेले पुन्हा वाढतात. शिवाय स्टॅफिलोकॉकस ऑरियसची काही विषं शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला भडकवतात आणि सूज आणखी वाढते.

बुरशीची गोष्ट तर फार बोलकी आहे. 1999 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी जुनाट सायनसच्या 210 रुग्णांचा शेंबूड नव्या, काटेकोर पद्धतीने तपासला. 96 टक्के रुग्णांत बुरशी निघाली. मोठी खळबळ उडाली, कारण सगळ्या आजाराचं मूळ सापडलं असं वाटलं. पण त्याच अभ्यासात तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी माणसांच्या नाकातही बुरशी होती, आणि तीही झाडून सगळ्यांच्या! आपण श्वासाबरोबर बुरशीचे बीजाणू रोजच आत घेतो, ते नाकात सापडणारच. पुढे 2006 साली युरोपातल्या अनेक केंद्रांत मिळून 116 रुग्णांवर चाचणी झाली. तीन महिने निम्म्यांनी अँफोटेरिसिन बी या बुरशीनाशकाने नाक धुतलं, निम्म्यांनी औषध नसलेल्या द्रावाने. दोन्ही गटांत फरक दिसला नाही.

म्हणून बुरशी निरुपद्रवी, असं मात्र कुणी समजू नये. एका बाजूच्या सायनसमध्ये बुरशीचा गोळा जमतो, तो शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो. काहींना बुरशीची ॲलर्जी असते. त्यांच्या सायनसमधून दुर्बिणीने काढलेला ऐवज पीनट बटरसारखा घट्ट, तपकिरी असतो. तो साफ करून पुढे स्टिरॉइड द्यावं लागतं. आणि 2021 साली महाराष्ट्राने पाहिलेला म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार तर मधुमेह आणि स्टिरॉइड यांच्या आडून काही दिवसांत डोळ्यापर्यंत पोचणारा. बुरशी या एकाच नावाखाली उपचार किती वेगळे आहेत, ते पाहा. बुरशी सोडली, तरी वरच्या दाढेच्या मुळाशी पू झाल्यानेही एकाच बाजूचा सायनस भरतो. तिथे दाताचा इलाज झाल्याशिवाय कितीही गोळ्या खा, उपयोग नाही.

तेव्हा वाचकहो, पुढचा कोर्स मागण्याआधी दुर्बिणीने नाक तपासून घ्या आणि डॉक्टर सांगतील तर सीटी स्कॅन करा. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक नियमित धुवा. थेट नळाचं पाणी कधीही वापरू नका. डॉक्टरांनी दिलेला नाकातला स्टिरॉइड स्प्रे घाबरून आठवड्यात सोडू नका, त्याचा गुण यायला काही आठवडे जातात. आणि डोळ्याभोवती सूज आली, एकाचे दोन दिसू लागले किंवा गाल बधिर झाला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.