शेवट भीतीचाच राहू द्या

'श्रद्धा असेल तर भीती कशाला?' हे वाक्य फॉरवर्डमध्ये शोभतं, बायबलमध्ये टिकत नाही. लूकच्या शुभवर्तमानात देवदूत दिसल्यावर मेंढपाळ आधी घाबरतात. म्हणून तर निरोप सांगण्यापूर्वी त्याला त्यांना धीर द्यावा लागतो. ख्रिसमस कार्डावरच्या गुबगुबीत देवदूताला कोण घाबरेल?

मार्क तर आणखी धीट. रिकाम्या कबरीतून तीन बायका थरथरत पळतात आणि भीतीपोटी कुणाला काहीच सांगत नाहीत. सायनायटिकस आणि व्हॅटिकनस या ४थ्या शतकातल्या हस्तलिखितांत त्याचं शुभवर्तमान इथेच, १६:८ ला संपतं. पुढची १२ वचनं नंतर जोडलेली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मला तर तो सरळ पॅच वाटतो: शेवट सोसवला नाही, म्हणून मारलेला.

माझं भांडण त्या पॅचशी आहे. पुरलेला माणूस उठून गेला हे ऐकून ज्याच्या पोटात गोळा येत नाही, त्याने ते नीट ऐकलेलंच नाही. त्या बायकांची श्रद्धा कमी पडली नव्हती. घडलेल्या गोष्टीचं वजन त्यांना कळलं होतं.

मग ही गोष्ट आपल्यापर्यंत आली कशी? कुणीतरी पुढे तोंड उघडलंच असणार. पण आधी घाबरून.