औषधांचा संधि

संधि होतांना दोन वर्णांपैकीं एकाचा कधीं लोप होतो. औषधांचेंहि तसेंच आहे. समागमानंतर ७२ तासांच्या आंत घ्यावयाची लेव्होनॉर्जेस्ट्रेलची संततिनियमनाची गोळी आपल्या देशांत २००५ सालीं चिठ्ठीवांचून मिळूं लागली. तेव्हां ‘दुसरें कोणतें औषध चालू आहे?’ असें विचारणारें कोणी भेटेलच असें नाहीं. क्षयावरील रिफॅम्पिसिन किंवा अपस्मारावरील फेनिटॉइन, कार्बामाझेपिन चालू असतां यकृत त्या गोळीचा त्वरेनें निकाल लावतें व तिचें बळ उणावतें. तीं औषधें थांबविल्यावरहि चार आठवडे हा परिणाम राहतो. म्हणून तीं परस्पर बंद करूं नयेत. पांच दिवसांच्या आंत बसविलेल्या तांबीस ही बाधा नाहीं. आमच्या धाराशिवकडे कांहीं घरीं सुनेचें फेफरें लपवितात. शेजाऱ्यांपासून खुशाल लपवा, डॉक्टरांपासून नको.