जमाखर्च : शून्य बाकीचे पान
दिवाळीत वहीपूजनापूर्वी जुन्या खात्यांवरून एकदा नजर फिरवावी, ही वडिलांनी लावलेली शिस्त. गतवर्षी तसे करताना एका पानावर मी समाधानाने बोट ठेवले. आमच्या दुकानी बरीच वर्षे हमाली करणाऱ्या गृहस्थाने घरकुलासाठी उधारीवर नेलेल्या सिमेंट व लोखंडाचे ते खाते, बाकी शून्य. शेजारी बसलेले दिवाणजी मात्र हळूच म्हणाले, "शेठ, तुमचा तगादा गेल्यावर त्याने गावातून शेकडा पाचने चाळीस हजार उचलले."

शेकडा पाच, तेही दरमहा! म्हणजे महिन्याला २,००० आणि वर्षाला २४,००० रुपये केवळ व्याज; मुद्दल जागच्या जागी. बँकेचा दर दरसाल १२ टक्के धरला, तरी हेच वर्षाचे व्याज ४,८०० रुपयांहून अधिक झाले नसते. माझे खाते मिटले. त्याचे नव्याने उघडले.

वाचकहो, हे टळण्याजोगे होते. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ पासून सुरू आहे. तीत सपाट प्रदेशातील कुटुंबास १,२०,००० व डोंगराळ भागात १,३०,००० रुपयांचे अनुदान, बांधकामाच्या टप्प्यांनुसार, थेट बँक खात्यात जमा होते. शौचालयासाठी १२,००० रुपयांची आणि ९० ते ९५ दिवसांच्या अकुशल मजुरीची जोड योजनेत धरलेली आहे. एवढ्याने भागत नसेल, तर इच्छुक लाभार्थ्यास ७०,००० रुपयांपर्यंत संस्थात्मक कर्ज मिळवून देण्यास साहाय्य करावे, अशीही तरतूद आहे. अनुदान सर्वांना ठाऊक असते. ही शेवटची ओळ आमच्या हमालबंधूस कोणी सांगितलीच नव्हती. मीही नाही.

अडचण कोठे येते, हे आपण साहित्य विकणारे रोज पाहतो. योजनेस किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचे घर अपेक्षित आहे. हौसेने पाया त्याहून मोठा घातला जातो. भिंती अर्ध्यावर येतात आणि पैसा संपतो. काम पुढच्या टप्प्यास पोहोचून त्याचे छायाचित्र नोंदले गेल्याशिवाय पुढील हप्ता मिळत नाही. पावसाळा तोंडावर असतो. अशा वेळी माणूस सावकाराच्या दारी जातो.

म्हणून पाया खणण्यापूर्वीच ग्राहकास चार गोष्टी विचाराव्यात. मंजुरीचा आदेश हाती आहे काय? पाया अनुदानाच्या बेताचा आहे काय? किती रक्कम कमी पडेल? आणि तेवढ्यासाठी बँकेत अर्ज केला आहे काय? बँक परतफेडीची ऐपत पाहते. कर्ज मिळेलच असे नाही. परंतु कागद नीट लावून, आपल्यापैकी कोणी सोबत गेले, तर अर्जदाराची भीड चेपते. मालाची पक्की पावती द्यावी आणि आपला तगादा हप्त्याच्या टप्प्यांशी जुळवून घ्यावा.

त्या गृहस्थाचे सावकारी देणे आम्ही दुकानातून फेडले. ती रक्कम आता बिनव्याजी, त्याच्या सोयीने, मजुरीतून वळती होते. यात औदार्य नाही. माझ्या घाईची ती दुरुस्ती आहे. यंदा वहीपूजनाला त्याचे पान पुन्हा उघडे असेल, आणि त्याचे मला वाईट वाटणार नाही.