ज्याचं त्याचं तिकीट

"आजोबा, कागद हवाच कशाला? सगळं फोनमध्ये आहे."

नातवाने हे विचारलं तेव्हा मला पटकन उत्तर सुचलं नाही. छत्तीस वर्षं वर्गात उभं राहून पोरांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, पण हल्ली एकेक उत्तर सुचायला दोन-तीन आठवडे लागतात. तर हे ते उत्तर. त्याने वाचावं, त्याच्या आईवडिलांनीही वाचावं, आणि म्हाताऱ्याचं कुठे चुकत असेल तर बेलाशक सांगावं.

आधी काय झालं ते सांगतो.

दिवाळीनंतर मी, आमच्या सौ. आणि माझी थोरली बहीण अक्का असे तिघं एका मोठ्या शहरात चार दिवस जाऊन आलो. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हे कुठेही घडू शकतं, आणि मला भांडण एका गावाशी करायचं नाही. अक्काचं वय अठ्ठ्याहत्तर. वळसंगहून अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर सगळं तिचं झालेलं. पण शहर म्हणून शहर तिने कधी निवांत बघितलं नव्हतं. दवाखान्यासाठी नाहीतर लग्नासाठी जायचं आणि परतायचं. या वेळी म्हणाली, "अप्पा, एकदा नुसतं बघायला जाऊ की रे."

नातवाने हौसेने तयारी करून दिली. शहर बसचा दिवसभराचा पास आणि दोन ठिकाणची प्रवेशतिकिटं, तिघांची मिळून नऊ क्यूआर कोड, सगळे माझ्या फोनमध्ये. छापील पास घ्यावा की फोनमधला, हा प्रश्नच आमच्यापुढे आला नाही. तो त्याच्या डोक्यात आधीच सुटलेला होता.

दुसऱ्या दिवशी एका संग्रहालयापाशी उतरलो. अक्काचा गुडघा बोलायला लागला होता. फाटकाबाहेर झाडाखाली बाक होता, त्यावर बसली आणि म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं. मी दहा मिनिटांनी येते." आम्ही दोघं आपापला कोड दाखवून आत गेलो. फोन माझ्या खिशात. आणि त्या फोनमध्येच अक्काचंही तिकीट!

पंधरा मिनिटांनी ती फाटकाशी गेली. पहारेकऱ्याने तिकीट विचारलं. ती म्हणाली, भावाच्या फोनमध्ये आहे. तो भला माणूस होता, पण तो तरी काय करणार? तिने कनवटीची पाचशेची नोट काढली. दुसरं तिकीट द्या म्हणाली. खिडकी बंद होती, खिडकीवर पाटी होती की कोड स्कॅन करा. अक्काकडे फोन नाही. ती परत बाकावर जाऊन बसली. आम्हाला आत वाटत राहिलं की गुडघा दुखतोय, बसली असेल. सव्वा तासाने आम्ही बाहेर आलो तेव्हा ती तिथेच होती.

रागावली नाही. एवढंच म्हणाली, "माझं तिकीट काढलं होतं म्हणतोस. मग ते मला दिसलंच न्हाई की रे."

मंडळी, या वाक्याने मी त्या रात्री झोपलो नाही. पैसे भरलेले होते. तिकीट तिच्या नावाचं होतं. तरी ते तिचं नव्हतं. ते माझं होतं. ज्याच्या हातात फोन, त्याचं तिकीट. बाकीचे त्याच्या मागोमाग चालणारे.

यात माझी चूक आहेच. निघण्यापूर्वी सोलापुरात कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात दहा-वीस रुपयांत नऊही तिकिटं छापून मिळाली असती. मला सुचलं नाही. पण मला सुचलं तरच अक्काला आत जाता येणार, हीच तर माझी तक्रार आहे.

आता नातवाच्या बाजूचं बोलतो, कारण त्याचंही म्हणणं खोटं नाही.

तो म्हणतो, रांगेत उभं राहावं लागत नाही. खरं आहे. गुडघेदुखीवाल्यांना तर हे वरदानच. तो म्हणतो, सुट्ट्या पैशांची कटकट नाही. तेही खरं. तो म्हणतो, कागद हरवतो. हरवतो की! पण कागद हरवला तर एकाचा हरवतो. फोन बंद पडला, बॅटरी संपली, रेंज गेली, तर अख्ख्या घराचा प्रवास एका वेळी थांबतो. आणि झाडं वाचतात असंही तो म्हणतो. ज्या समाजात चौकाचौकात वाढदिवसांचे फ्लेक्स लागतात, तिथे झाडांची काळजी नेमकी दोन बोटं रुंद तिकिटापाशीच का आठवते, हे मला कळत नाही.

त्याचा शेवटचा मुद्दा असा की, आजकाल फोन प्रत्येकाकडे असतो. इथे मात्र मी त्याला थांबवतो. फोन प्रत्येक घरात असतो. प्रत्येकाकडे नसतो. आमच्याकडच्या घराघरात जाऊन बघा. चांगला फोन कर्त्या पुरुषाकडे नाहीतर कॉलेजच्या पोराकडे. सासूबाईंकडे असलाच तर बटणांचा. अक्काकडे तोही नाही. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पण हे असं आहे, आणि तिकिटाची पद्धत ठरवणाऱ्याने ते धरून चालायला हवं.

कोणी म्हणेल, हे सगळं म्हाताऱ्यांचं जुन्या दिवसांचं रडगाणं. नाही हो. मी स्वतः फोनवरून वीजबिल भरतो. यंत्राशी माझं वैर नाही. आमच्या एसटीकडेच बघा. पूर्वी कंडक्टरच्या हातात पत्र्याची पेटी असायची, त्यात रंगीत तिकिटांचे गठ्ठे, आणि हातातल्या चिमट्याची ती टिकटिक. आता पेटी गेली, यंत्र आलं. फार चांगलं झालं. हिशेब चोख झाला, कंडक्टरचं ओझं कमी झालं. पण यंत्र आलं ते कंडक्टरच्या हातात. माझ्या हातात अजून कागदच येतो. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली, १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. आम्ही तिघं बसलो की सौ. अर्धी, मी ज्येष्ठ म्हणून अर्धा आणि अक्का फुकट. ओळखपत्र दाखवायचं, झालं. पण अक्काला शून्य रुपयांचं का होईना, तिकीट मिळतं. ती ते घडी घालून बटव्यात ठेवते. वाटेत तपासनीस चढला तर ती स्वतः काढून दाखवते. माझ्याकडे बघत नाही.

यंत्र त्यांच्याकडे, कागद आमच्याकडे. आधुनिक व्हायला एवढं पुरेसं आहे.

एसटीचीच 'आवडेल तेथे प्रवास' ही योजना १९८८ पासून आहे. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास घ्यायचा आणि मनाला येईल त्या गावाला जायचं. नोकरीत असताना एका उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघांनी सात दिवसांचे पास काढले होते. माझा माझ्या खिशात, सौ.चा तिच्या पर्समध्ये. एका स्टँडवर मी पेपर घ्यायला उतरलो आणि बस सुटली. ती बिनधास्त पुढच्या गावी जाऊन उतरली, मी मागच्या गाडीने पोचलो. आजही तो प्रसंग ती हसून सांगते. तेव्हा दोन्ही पास माझ्या खिशात असते तर तिने हसून सांगितला असता का?

आता पैशाचं. याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या शाळेची सहल बहुतेक वेळा विजापूरला, म्हणजे आताच्या विजयपुराला जायची. मुहम्मद आदिलशहाचा गोल घुमट, वरच्या सज्जातला तो प्रतिध्वनी, आणि "सर, मी इकडून बोलतो, तुम्ही तिकडून ऐका" हा ठरलेला खेळ. अशा स्मारकांचं तिकीट भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खातं ठरवतं. २०१८ साली दर बदलले तेव्हा त्यात एक नवी गोष्ट आली. गोल घुमटासारख्या ठिकाणी भारतीय माणसाला रोख दिले तर २५ रुपये, रोखीशिवाय दिले तर २०. अजिंठा, वेरूळ, घारापुरी अशा जागतिक वारशाच्या ठिकाणी रोख ४०, नाहीतर ३५. पंधरा वर्षांखालच्या मुलांना माफ, हे उत्तमच.

सरकारी भाषेत ही पाच रुपयांची सवलत आहे. मी शाळामास्तर आहे, मला गणित उलट्या बाजूनेही मांडायची सवय आहे. वीसच्या जागी पंचवीस म्हणजे सव्वापट. सवापट कोण देतं? ज्याच्याकडे तसा फोन नाही तो. खेड्यातून आलेला गवंडी देतो, बटव्यातून नोट काढणारी म्हातारी देते. मोटारीतून उतरणारा मात्र फोन पुढे करून पाच रुपये वाचवतो. पाच रुपयांनी कोणी बुडत नाही, मान्य. पण सवलत नेमकी ज्याला गरज नाही त्याला मिळावी, हा कुठला न्याय?

पुढे कोरोना आला. जुलै २०२० मध्ये ही स्मारकं पुन्हा उघडली तेव्हा तिकीट फक्त ऑनलाईन ठेवलं होतं. तेव्हा ते योग्यच होतं. नोटेला हात लावायला माणूस घाबरत होता. पण साथीतला मास्क आपण उतरवला. खिडकीवरची झडप मात्र काही ठिकाणी तशीच खाली राहिली, जणू साथ अजून खिडकीपाशीच थांबली आहे.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. जर्मनीच्या रेल्वेने जून २०२४ पासून आपलं सवलतीचं बानकार्ड प्लास्टिकवर देणं जवळजवळ बंद केलं, आता ते फोनमध्ये. तिथल्या ग्राहक संघटनांनी आवाज उठवला. फोन नसणाऱ्याला त्याऐवजी छापील कागद चालेल, अशी वाट तिथे ठेवलेली आहे. इतक्या पुढारलेल्या देशात कागद चालतो, तर आपल्याला त्याची लाज का वाटावी?

आणि आपल्याकडेही चांगली उदाहरणं आहेत, ती सांगायलाच हवीत. पुण्याच्या मेट्रोचं तिकीट फोनवर मिळतं आणि स्टेशनातल्या खिडकीवर कागदावर छापूनही मिळतं. कोड तोच, फाटक तेच. पीएमपीएमएलचा दैनंदिन पास ॲपवर आहे तसा कंडक्टरकडेही आहे. जून २०२५ च्या दरवाढीनंतर पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत तो ७० रुपयांना झाला. मुंबईच्या लोकलचं पर्यटक तिकीट एक, तीन किंवा पाच दिवसांचं असतं, तेही खिडकीवर मिळतं. घेतलं की हव्या तितक्या वेळा चढा-उतरा. म्हणजे दोन्ही सोयी एकत्र नांदू शकतात. न नांदण्याचं कारण यंत्राचं नाही, इच्छेचं आहे.

तर माझं म्हणणं थोडक्यात असं. फोनमधला पास जरूर असू द्या. पण एक तरी खिडकी उघडी ठेवा. रोख देणाऱ्याला जास्त पैसे लावू नका. आणि फोनवर तिकीट काढलेल्याला फाटकापाशी ते छापून मागता आलं पाहिजे, माणशी एक. यातलं काहीच महाग नाही.

आणि घरच्या पोरांना सांगणं असं: आमच्यासाठी तिकिटं काढता, त्यात तुमची माया आहे, ती कळते. पण काढून झाली की छापा. प्रत्येकाच्या हातात त्याचं त्याचं द्या, आणि देताना आजीला दाखवा, हे तुझं. दोन पर्याय समोर असतील तर जाणाऱ्याला विचारा, तुला कुठला हवा. आपल्याला सोपं ते सगळ्यांना सोपं, असं धरून चालू नका. ही चूक मी वर्गात पुष्कळदा केली आहे, म्हणून सांगतो.

माघ संपला की मुंबईला जायचं ठरतंय. तीन दिवसांचं पर्यटक तिकीट, खिडकीवर उभं राहून, तीन माणसांची तीन. नातू म्हणाला, "आजोबा, रांगेत अर्धा तास जाईल." जाऊ दे. त्या दिवशी अक्काचा सव्वा तास गेला होता.

तिला हे सांगितलं तर तिने आधी मुंबईचं काहीच विचारलं नाही. म्हणाली, "तिकीट माझ्याजवळच देणार न्हवं?"

असो.