टॅक्सीमेन्स कॉलनीतलं ऑफिस
फौजदारी वकिलाचा बायोडेटा कॉलेज, सनद, सीनिअर या क्रमानं जातो. शाहिद आझमींचा सुरू होतो तिहार तुरुंगापासून. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली पकडलेल्या आणि पुढे निर्दोष सुटलेल्या या तरुणानं तुरुंगातच अभ्यास केला, बाहेर येऊन एलएलबी झाला, मजीद मेमन यांच्याकडे ज्युनिअर राहिला आणि मग कुर्ल्यातल्या टॅक्सीमेन्स कॉलनीत छोटं ऑफिस थाटलं. अशील बहुतेक फी न परवडणारे. (आरोपीचा वकील म्हणजे आरोपीचा साथीदार, हा आपला लाडका गैरसमज. मग साक्षीदाराची उलटतपासणी कुणी घ्यायचीच नाही का?) ११ फेब्रुवारी २०१० ला त्याच ऑफिसात त्यांना गोळ्या घातल्या. वय ३२. तेव्हा ते मुंबईवरच्या २६/११ हल्ल्याच्या खटल्यात आरोपी फहीम अन्सारीची बाजू लढवत होते. मे महिन्यात अन्सारी त्या आरोपांतून निर्दोष सुटला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो निकाल कायम ठेवला.