अपडेट झालं, स्क्रीन गेली: फॉरमॅट मारायची घाई करू नका



सारंगखेड्याच्या यात्रेत दुकान टाकायचं तर भांडवल किती लागेल, हे विचारणारे भरपूर भेटतात. जागेचं भाडं, वीज, प्रिंटर, फोटो पेपर, लॅमिनेशन, सगळ्याचा हिशोब वहीत मांडून आणतात. पण सकाळी कॉम्प्युटर चालू केला आणि स्क्रीनवर धड काही दिसलंच नाही, तर पहिल्या वीस मिनिटांत काय करायचं, हे कुणी विचारत नाही. आजचा लेख त्याच्यावर आहे. तुम्ही म्हणाल, हे काम तर कॉम्प्युटरवाल्याचं. माझं मत वेगळं आहे. दुकानाची किल्ली जशी मालकाच्या खिशात असते, तसं हे ज्ञान मालकाच्या डोक्यात पाहिजे.

आधी कॅलेंडर बघा. मायक्रोसॉफ्ट विंडोजचे महत्त्वाचे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सोडते. आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते, म्हणजे परिणाम दिसतो तो बुधवारी किंवा पुढच्या एक-दोन दिवसांत. आता आपली यात्रा. एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोडेबाजार मार्गशीर्ष पौर्णिमेच्या, म्हणजे दत्त जयंतीच्या आसपास भरतो. 2024 साली दत्त जयंती 14 डिसेंबरला होती आणि दुसरा मंगळवार होता 10 डिसेंबर. 2025 साली दत्त जयंती 4 डिसेंबरला आणि दुसरा मंगळवार 9 डिसेंबर. म्हणजे ऐन हंगामात, मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांचे व्यापारी तापीकाठी तंबू ठोकून बसलेले असताना, तुमच्या दुकानातला कॉम्प्युटर रात्री गुपचूप अपडेट घेऊन बसतो. यात कुणाचा डाव नाही. पण हंगाम तुमचा आहे, त्यामुळे तारीख तुम्हाला माहीत हवी.

अपडेटनंतर स्क्रीनचंच का बिघडतं? विंडोज आणि स्क्रीन यांच्यामध्ये एक दुभाषी असतो, त्याला ग्राफिक्स ड्रायव्हर म्हणतात. कधी अपडेटसोबत नवा दुभाषी येतो आणि त्याचं तुमच्या जुन्या मशीनशी पटत नाही. कधी जुना दुभाषी नव्या विंडोजला चालत नाही. मग विंडोज आपला साधा, कामचलाऊ ड्रायव्हर लावून वेळ मारून नेतं. अशा वेळी अक्षरं एकदम मोठी होतात, चित्र ताणल्यासारखं दिसतं, ग्राहकाच्या बाजूला ठेवलेला दुसरा मॉनिटर बंद पडतो, लॅपटॉपवर ब्राइटनेस कमी-जास्त करायची पट्टीच गायब होते. लोकांना वाटतं स्क्रीन गेली. बहुतेक वेळा स्क्रीन ठणठणीत असते.

आता करायचं काय? घाबरून बटण दाबून बंद-चालू, बंद-चालू करत बसू नका. स्क्रीन पूर्ण काळी असेल तर आधी मशीन जिवंत आहे का ते बघा. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो आणि विझतो आहे, म्हणजे कॉम्प्युटर बहुधा चालू आहे, फक्त दिसत नाही. मग केबल बघा. हसू नका! यात्रेच्या तंबूत, धुळीत, टेबल दहा वेळा सरकवलेलं असतं. डेस्कटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डाच्या खाचेत हवी, मदरबोर्डच्या नाही.

केबल ठीक असेल तर विंडोज की, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. बीप वाजेल, स्क्रीन एकदा लुकलुकेल. याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि तुमची उघडी फाईल बंद होत नाही. ही एवढी साधी गोष्ट दहापैकी नऊ दुकानदारांना माहीत नसावी, असा माझा अंदाज आहे. त्याने काही झालं नाही तर विंडोज की आणि पी. चित्र दुसऱ्या स्क्रीनवर पाठवायची सेटिंग तिथे असते. ती "फक्त दुसरी स्क्रीन" वर गेली असेल तर पहिली काळी दिसणारच.

चित्र दिसतंय पण मोठं किंवा ताणलेलं आहे, हा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. डेस्कटॉपवर राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज, तिथे रेझोल्युशनमध्ये "रेकमेंडेड" लिहिलेला आकडा निवडा. तो आकडा मिळतच नसेल किंवा बदलता येत नसेल, तर स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि डिस्प्ले अडॅप्टर्स बघा. तिथे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाचं नाव असायला हवं. त्याऐवजी "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर" दिसलं, तर दुखणं सापडलं: तो कामचलाऊ दुभाषी बसला आहे. तुमच्या लॅपटॉपच्या कंपनीच्या साईटवरून, तुमच्या मॉडेल नंबरचा ड्रायव्हर घ्या आणि टाका. नाव बरोबर आहे पण अपडेटपासूनच त्रास सुरू झाला असेल, तर त्याच नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, आणि "रोल बॅक ड्रायव्हर". जुना दुभाषी परत येतो. हे बटण फिकट दिसत असेल तर जुना ड्रायव्हर मशीनमध्ये राहिलेला नाही, मग कंपनीच्या साईटचाच रस्ता. "एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर" म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअरं मात्र डाऊनलोड करू नका. ग्राहकांचे आधार, जातीचे दाखले, बँक पासबुकं स्कॅन होणाऱ्या मशीनवर असलं काहीतरी घुसवणं म्हणजे कोल्ह्याला कोंबड्या राखायला ठेवणं.

स्क्रीन लुकलुकत असेल तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. टास्क मॅनेजरसकट सगळंच लुकलुकतंय, तर ड्रायव्हरचा दोष. टास्क मॅनेजर शांत आहे आणि बाकीचं लुकलुकतंय, तर एखादं ॲप नव्या विंडोजशी भांडतंय. मग मॉनिटर बदलायला धावण्यात अर्थ नाही.

आणि विंडोजपर्यंत पोचताच येत नसेल तर? चालू होतानाच पॉवरचं बटण दाबून धरून बंद करायचं, असं दोन-तीन वेळा केलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवतं. त्यात ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स. शेवटचं क्वालिटी अपडेट काढून टाका. मोठं फीचर अपडेट आलेलं असेल तर साधारणपणे दहा दिवस जुन्या विंडोजवर परत जाता येतं. त्यानंतर तो रस्ता बंद होतो, म्हणून "यात्रा संपल्यावर बघू" हे या बाबतीत चालत नाही.

आता माझा खरा मुद्दा. आपल्याकडे तंत्रज्ञाला फोन केला की पलीकडून पहिलं वाक्य काय येतं? "भाऊ, फॉरमॅट मारावं लागेल." मला या वाक्याची चीड आहे. ड्रायव्हर परत लावायला अर्धा तास लागतो, फॉरमॅटमध्ये तुमचा अख्खा दिवस जातो. आणि दिवसापेक्षा मोठं नुकसान वेगळंच आहे. टॅलीचा डेटा कुठल्या ड्राइव्हवर आहे हे मालकाला माहीत नसतं, तो सी ड्राइव्हबरोबर उडतो. डेस्कटॉपवर ठेवलेल्या ग्राहकांच्या फाईली उडतात. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या लग्नपत्रिका, फ्लेक्सचं डिझाइन उघडलं की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, कारण फॉन्ट परत टाकलेला नसतो. मंगल फॉन्टचीही तीच गत. विंडोज 10 पासून मंगल हा देवनागरीच्या पूरक फॉन्टमध्ये गेला आहे. नव्याने विंडोज टाकलं आणि तो नसला, तर सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्समधून घ्यावा लागतो. एका स्क्रीनचं दुखणं घेऊन गेलात आणि चार नवी घेऊन आलात.

सगळे तंत्रज्ञ तसे नसतात. दोंडाईचा, शहादा, नंदुरबारला चांगली माणसं आहेत. पण यात्रेच्या दिवसांत त्यांनाही दहा फोन असतात, आणि फॉरमॅट हा त्यांच्यासाठी डोकं न लावता होणारा उपाय आहे. म्हणून फोनवर तुम्हीच सांगा: "डिव्हाइस मॅनेजरमध्ये बेसिक डिस्प्ले अडॅप्टर दिसतंय, ड्रायव्हर टाकून द्या." एवढं वाक्य ऐकल्यावर समोरचा माणूस तुमच्याशी वेगळ्या आवाजात बोलतो. पैसेही वेगळे सांगतो.

दुसरी टोकाची सूचना तुम्ही व्हिडिओंमध्ये ऐकली असेल, "अपडेट कायमचं बंद करून टाका, कटकटच नको." मी याच्या पूर्ण विरोधात आहे. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरातले कॉम्प्युटर कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्या भोकावरचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच, म्हणजे जवळपास दोन महिने आधी दिलेलं होतं. फसले ते मुख्यतः ठिगळ न लावलेले. लोकांची कागदपत्रं हाताळणाऱ्या दुकानाला अपडेट बंद ठेवायची चैन परवडत नाही.

मग करायचं काय? वेळ तुम्ही ठरवायची. विंडोज अपडेटच्या सेटिंगमध्ये पॉज करायची सोय आहे, सहसा पाच आठवड्यांपर्यंत. दत्त जयंतीच्या आठ-दहा दिवस आधी सगळे अपडेट घेऊन टाका, दोन दिवस मशीन चालवून बघा, प्रिंट काढून बघा, स्कॅनर लावून बघा, आणि मग पॉज दाबा. यात्रा उठली, तंबू निघाले की परत चालू. दुकानात दोन मशीन असतील तर आधी कमी महत्त्वाच्या मशीनवर अपडेट घ्या.

दोन्ही मशीनवर एकदम अपडेट घेतलं तर काय होतं, ते 19 जुलै 2024 ला सगळ्या जगाने बघितलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीने एक सदोष अपडेट सोडलं आणि सुमारे 85 लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकल्या. कंपनीने दीड तासाच्या आत ते अपडेट मागे घेतलं, पण ज्या मशीन पडल्या होत्या त्या बऱ्याच ठिकाणी एकेक करून हाताने उठवाव्या लागल्या. आपल्या देशात विमानतळांवर रांगा लागल्या, इंडिगोच्या प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्यावर लोकांनी विनोद केले. मला मात्र तो हाताने लिहिलेला पास फार आवडला. विमान उडालं ना! कोऱ्या पासाचा गठ्ठा कुणीतरी ठेवलेला होता, आणि काय लिहायचं हे काउंटरवरच्या माणसाला माहीत होतं.

तुमच्या दुकानात असा गठ्ठा आहे का? छापील पावतीपुस्तक, ग्राहकाचं नाव, मोबाईल, काम आणि घेतलेले पैसे लिहायची वही. प्रिंटर वाय-फायवाला असेल तर मोबाईलवरून फोटो आणि कागद छापायची सवय आधीच करून ठेवा. वीस मिनिटांत स्क्रीन आली नाही तर वही उघडायची आणि काउंटर चालू ठेवायचा, दुरुस्ती मागे चालू राहील. समजा यात्रेच्या दिवशी तुमचं चार हजारांचं काम होतं. वही आणि मोबाईलवर त्यातलं निम्मं जरी वाचलं, तरी तंत्रज्ञाचे पैसे निघाले. रोजगार योजनेच्या प्रकल्प अहवालात आपण कॉम्प्युटर, प्रिंटर, झेरॉक्स मशीन लिहितो. दुरुस्ती आणि बॅकअपची हार्ड डिस्क यांचा रकाना बरेच जण कोरा सोडतात. तो भरा.

एक गोष्ट आजच तपासा, यात्रेची वाट बघू नका. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कला आपोआप कुलूप लागलेलं असू शकतं, त्याला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. वर सांगितलेल्या दुरुस्तीच्या पडद्यावर कधी कधी त्याची 48 आकडी किल्ली मागतात. ती किल्ली सहसा ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला, त्यात साठवलेली असते. आणि आपल्याकडे ते अकाउंट बरेचदा विकणाऱ्या दुकानातल्या पोराने स्वतःच्या ईमेलने उघडून दिलेलं असतं, "तुमचा पासवर्ड नंतर बदला" म्हणून. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स उघडा आणि तिथे कोणाचा ईमेल दिसतोय ते वाचा. तो तुमचा नसेल तर आधी तुमचं अकाउंट जोडा, किल्लीची प्रत तुमच्याकडे आली का ते बघा, कागदावर छापा आणि दुकानाच्या भाडेकराराच्या फाईलमध्ये ठेवा.